तारेचा झोळ

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या घरात गाणे म्हणजे भावगीत, नाट्यपद, फार तर जुने हिंदी चित्रपटगीत. इंग्रजी गाण्यांशी आमचा संबंध शेजारच्या खोलीतून ऐकू येण्यापुरताच होता. तेव्हा एका अमेरिकन लोकप्रिय गाण्यावर आम्ही लिहायला बसावे, हे आमच्या विद्यार्थ्यांना गमतीचे वाटेल. पण या गाण्याने आमच्याच घरातल्या एका माणसाची ओळख आम्हांला करून दिली, आणि तीही जरा उशिराच. त्या उशिराबद्दलच हा लेख आहे.

ऑगस्ट २०१७ मध्ये ग्लेन कॅम्पबेल हे गायक वारले. त्यांचे नावही आम्हांला ठाऊक नव्हते. इंग्रजी विभागातले एक सहकारी मात्र त्या दिवशी फार हळवे झाले होते. मधल्या सुट्टीत त्यांनी आपल्या मोबाइलवर कॅम्पबेल यांचे एक गाणे लावले आणि म्हणाले, "तुमच्या आबांना ऐकवा. त्यांच्यावरच आहे."

गाणे होते 'विचिटा लाइनमन'. लेखक-संगीतकार जिमी वेब, साल १९६८. आणि आबा, म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे, दूरध्वनी खात्यात लाइनमन होते. रोजंदारीवर खड्डे खणण्यापासून सुरुवात करून २००६ साली ते निवृत्त झाले.

गाण्याची हकीकत प्रसिद्ध आहे, तरी आपल्याकडे ती फारशी कोणी सांगितलेली नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. कॅम्पबेल यांनी वेब यांचेच 'बाय द टाइम आय गेट टू फिनिक्स' गाऊन नाव मिळवले होते. तसेच एखाद्या गावाच्या नावाचे आणखी एक गाणे त्यांना हवे होते. वेब तेव्हा ऐन विशीत होते. ओक्लाहोमा राज्यातल्या सपाट मुलखातून मोटार चालवत जाताना त्यांनी पाहिलेले एक दृश्य त्यांच्या मनात होते. क्षितिजापर्यंत गेलेली खांबांची रांग, आणि त्यांतल्या एका खांबावर चढून फोन कानाला लावून बसलेला एकटा माणूस. तो मुलूख वॉशिटा काउंटीचा. गाण्यात त्याचे विचिटा झाले. वेब यांनी एका दुपारी दोन कडवी लिहिली, आणि तिसरे अजून लिहायचे आहे असे कळवून गाणे पाठवून दिले. काही आठवड्यांनी त्यांना समजले, की गाणे ध्वनिमुद्रित होऊनही गेले आहे. तिसऱ्या कडव्याच्या जागी कॅम्पबेल यांनी खर्जातल्या गिटारवर तीच चाल वाजवली होती. पाश्चात्त्य गीतरचनेत दोन कडव्यांना जोडणाऱ्या निराळ्या चालीच्या तुकड्याला 'ब्रिज' म्हणतात. ब्रिज म्हणजे पूल. या गाण्यात तसा पूलही नाही आणि घोळवून म्हणावे असे ध्रुपदही नाही. दोन कडवी, एक रिकामी जागा, आणि मग हळूहळू दूर जाणारे सूर, एवढाच त्याचा आकृतिबंध. पुढे ते अमेरिकेच्या मुख्य लोकप्रिय यादीत तिसऱ्या स्थानापर्यंत पोहोचले.

संध्याकाळी घरी येऊन आम्ही ते आबांना ऐकवले. आबा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. त्यांना इंग्रजी येत नव्हते. पण 'लाइनमन' हा शब्द कानावर पडताच त्यांनी मान वर केली.

"काय म्हणतोय तो?"

आम्ही सांगू लागलो. एक लाइनमन आहे. काउंटीच्या नोकरीत आहे. मोठ्या रस्त्याने जातो आणि उन्हातान्हात ओव्हरलोड शोधतो.

"टेलिफोनला कुठला आलाय ओव्हरलोड? ते वीजवाल्यांचं. आमच्याकडे फॉल्ट असतो. पुढे?"

त्याला सुट्टी हवी आहे. पण पाऊस येईलसे दिसत नाही. आणि बर्फ पडले तर दक्षिणेकडच्या तारांना तो ताण सोसवणार नाही.

आबा यावर काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे बरोबर आहे. बर्फ मी काही बघितलं नाही, पण वजन बसलं तारेवर की खांब ओढला जातो. एक गेला की पुढचे दोन जातात. हे माहिती असलेल्या माणसाने लिहिलंय."

आणि आबा, तो म्हणतो की तारेतून त्याला ती गाताना ऐकू येते. त्याची ती.

यावर आबा हसतील असे आम्हांला वाटले होते. ते हसले नाहीत. "वारा असतो तो," ते म्हणाले. "वाऱ्याने तार घुमते. खांबाला कान लावला की ऐकू येतं. पण माणूस एकटा असला ना डोंगरावर, की मग…"

वाक्य त्यांनी पुरे केले नाही. आम्हीही विचारले नाही. गाणे संपले होते आणि कुकरची शिट्टी झाली होती.

ते वाक्य अर्धेच राहिले, आणि पुढे त्याचे महत्त्व आम्हांला कळले. पण त्याआधी आबांनी ज्यावर बोट ठेवले त्याबद्दल थोडे लिहायला हवे, कारण गाण्याची समीक्षा आम्ही पुढे पुष्कळ वाचली, पण आबांइतकी नेमकी थोडीच.

'माहिती असलेल्या माणसाने लिहिलंय' हे निम्मेच खरे होते. वेब हे ओक्लाहोमातल्या एका धर्मोपदेशकाचे पुत्र. खांबावर चढण्याचे काम त्यांनी केलेले नव्हते. ओव्हरलोडच्या बाबतीत आबांनी त्यांना पकडलेच. पण ध्वनिमुद्रणाचे संगीतसंयोजक अल डी लोरी यांच्या नात्यातले एक वडीलधारे कॅलिफोर्नियात खरोखरच लाइनमन होते, आणि गाणे प्रथम ऐकताच तेच त्यांच्या डोळ्यांसमोर आले, असे त्यांनी सांगितले आहे. गाण्यात व्हायोलिनचे वरच्या पट्टीतले सूर आहेत, आणि एकच स्वर तुटकतुटक वाजवून साधलेला तारायंत्रासारखा आवाज आहे. शब्दांत जे काम अर्धवट उतरले होते ते वाद्यांनी पुरे केले. लोकप्रिय गीत ही एकट्याची निर्मिती नसते, हे आम्ही वर्गात गीतरामायणाच्या संदर्भात सांगत आलो आहोत. येथे त्याचा पडताळा एका लाइनमनच्या कानाने दिला.

तार घुमते ती वाऱ्यामुळे, हेही शास्त्रशुद्धच. वारा तारेला ओलांडून जाताना तिच्या मागे आलटून पालटून वर-खाली भोवरे सुटतात आणि तार कंप पावते. वाऱ्याचा वेग वाढला की स्वर चढतो, तार जाड असली की उतरतो. याच कंपनाने तारा कालांतराने बांधणीपाशी झिजतात आणि तुटतात. म्हणजे ज्याला कवी गाणे म्हणतो ते लाइनमनच्या दृष्टीने पुढच्या बिघाडाची सूचनाही असते. वेब यांच्या लाइनमनला एकाच तारेतून प्रेयसी आणि ताण दोन्ही ऐकू येतात. या गाण्याचे सामर्थ्य आम्हांला येथे दिसते. काम करताना प्रियेची आठवण आली, असे हे गाणे म्हणत नाही. ज्या कौशल्याने तो बिघाड ऐकतो त्याच कौशल्याने तो विरह ऐकतो. त्याच्यापाशी दुसरे कोणते साधनही नाही.

मराठीत श्रमाचे गाणे नव्हते असे नाही. जात्यावरच्या ओव्या, मोटेवरची गाणी, भलरी ही सगळी कामाच्या लयीतून आलेली रचना आहे. पण ती समूहाची किंवा घरातली कामे. अण्णाभाऊ साठ्यांच्या 'माझी मैना'त गावाकडे राहिलेली ती आहे आणि मुंबईत आलेला तो आहे. त्या छक्कडीत विरहाला चळवळ येऊन मिळते आणि एकट्याचे दुःख सगळ्यांचे होते. नारायण सुर्व्यांच्या 'माझे विद्यापीठ'मध्ये (१९६६) कामगार आपल्या शहराशी आणि आपल्या वर्गाशी बोलतो. हे सगळे आम्ही अनेक वर्षे शिकवले आणि मनापासून शिकवले. पण खांब, तार, रस्ता, पूल, नळ ही जी नवी बांधणी गेल्या शतकात देशभर पसरली, ती राखणारा एकटा माणूस आमच्या अभ्यासक्रमात कुठे होता? त्याच्या कामाला लय नव्हती आणि सोबतीही नव्हती. तो गाणार कसा, आणि कोणापुढे?

त्यातही एक भेद करायला हवा. बांधणाऱ्याची कथा साहित्य सांगते, राखणाऱ्याची सांगत नाही. याचे उदाहरण वेब यांच्याच लेखनात आहे. 'हायवेमन' या त्यांच्या दुसऱ्या प्रसिद्ध गाण्यात एकच आत्मा चार जन्म घेतो. वाटमारी करणारा, खलाशी, धरण बांधणारा आणि अंतराळयानाचा कप्तान असे ते जन्म. कॅम्पबेल यांनी ते १९७९ साली गायले, आणि जॉनी कॅश, वेलन जेनिंग्ज, विली नेल्सन व क्रिस क्रिस्टॉफरसन या चौघांनी मिळून १९८५ साली गायल्यावर ते सर्वतोमुखी झाले. त्यातला धरण बांधणारा कोलोरॅडो नदीवरच्या बोल्डर धरणाच्या ओल्या काँक्रीटमध्ये पडतो आणि तेथेच कायमचा गाडला जातो. आज या धरणाला हूवर धरण म्हणतात. त्याचे लोकार्पण १९३५ साली झाले.

या कडव्याने कोणाच्याही अंगावर काटा यावा. पण ते खरे नाही. बांधकामात अधिकृत नोंदीप्रमाणे ९६ माणसे गेली हे खरे, परंतु धरणाच्या पोटात एकही मृतदेह नाही. काँक्रीट एका वेळी पाच फूट उंचीच्या ठोकळ्यांत घातले जाई, आणि एका बादलीने ठोकळ्यातली पातळी काही इंचच वाढे. माणूस त्यात बुडणे शक्य नव्हते. शिवाय शरीर आत राहिले असते तर तेथे पोकळी निर्माण होऊन धरण कमकुवत झाले असते. कोणत्याही अभियंत्याने ते चालू दिले नसते. थोडक्यात, बांधकामाला बळी लागतो ही कल्पना बांधकामशास्त्राच्या नेमकी विरुद्ध आहे.

तरीही ती कल्पना मरत नाही. तळ्याला पाणी लागावे म्हणून सुनेचा बळी देण्याची कथा कन्नडमधल्या 'केरेगे हारा' या लोकगीतात आहे. आमच्या लहानपणी, गावाबाहेर पुलाचे काम निघाले की संध्याकाळनंतर मुलांना घराबाहेर सोडत नसत, कारण पूल माणूस मागतो. विश्वास पाटलांच्या 'झाडाझडती'ने (१९९१) या बळीचा आधुनिक अर्थ दाखवला. धरणाच्या पोटात नव्हे, धरणाच्या पाण्याखाली आणि नंतर सरकारी कागदांखाली माणसे गाडली जातात. ही कादंबरी आम्ही शिकवतो तेव्हा विस्थापितांची मुले वर्गात असतात, आणि त्यांच्यापैकी कोणी तरी तासानंतर येऊन आपल्या गावाचे नाव सांगते.

म्हणून 'हायवेमन'ला खोटे म्हणून मोडीत काढण्याची आमची इच्छा नाही. पण आमचे मन 'लाइनमन'कडे झुकते. त्या गाण्यात कोणी मरत नाही. भिंत नाही, स्मारक नाही, लोकार्पण नाही. खांब आधीच उभे आहेत, तारा आधीच ओढलेल्या आहेत. आता त्या रोज, ऋतूमागून ऋतू, तुटू द्यायच्या नाहीत. पायाभूत सुविधा म्हणून आपण ज्याचा गाजावाजा करतो त्याचे खरे आव्हान उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते. तार नीट असते तेव्हा लाइनमन कोणाला दिसत नाही. फोन बंद पडला की मात्र सगळ्यांना त्याची आठवण होते, आणि ती शिव्यांसह होते. आबांच्या वाट्याला या शिव्या पुष्कळ आल्या. जूनच्या पहिल्या वाऱ्यात झाडे पडत आणि चार-चार दिवस ते घरी नसत. घरी फोन नव्हताच. सगळ्या तालुक्याचे फोन जोडणाऱ्या माणसाच्या घरी पुढे कित्येक वर्षे फोन नव्हता, यात आम्हांला कधी काही विशेष वाटले नाही.

येथे आम्ही आमच्या उशिराकडे येतो. आबा आमच्याकडे शहरात राहायला आले तेव्हा आम्ही गॅलरीत कपडे वाळत घालायला नायलॉनची दोरी बांधली होती, चांगली ताणून. आबांनी ती बोटाने वाजवून पाहिली आणि सोडायला लावली. "हे काय बांधलंय? अरे, झोळ ठेवावा लागतो. इतकी ताणली की जाईल खिळा." आणि त्यांनी स्वतः ती पुन्हा बांधली, मध्ये वीतभर सैल ठेवून.

या झोळाचे गणित आम्ही नंतर एका अभियंता मित्राकडून समजून घेतले. दोन खांबांमधल्या तारेचा झोळ निम्मा केला तर तिच्यातला ताण दुप्पट होतो. तार अगदी सरळ करायची म्हटली तर अनंत ताण लागेल, म्हणजे ती तुटेलच. शिवाय पन्नास मीटरची तांब्याची तार तीस अंश तापमानाच्या फरकाने सुमारे अडीच सेंटिमीटर कमीजास्त होते. उन्हाळ्यात बांधताना थंडीचा विचार करून सैल ठेवावी लागते. किती सैल, हे कोष्टकात असते. पण आबांचे कोष्टक त्यांच्या बोटांत होते.

मग आम्ही पुन्हा गाण्याकडे वळलो. वेब यांनी पुढे अनेकदा कबूल केले आहे, की या गाण्यातले 'टाइम' आणि 'लाइन' हे यमक सदोष आहे. ते त्यांना फार वर्षे खुपत होते. तिसरे कडवे तर लिहिलेच गेले नाही. गाणे सुरू होते एका पट्टीत, कडव्याअखेर टेकते दुसऱ्याच पट्टीत, आणि ज्या घरातून निघाले त्या घरी परत येतच नाही. आमच्यासारखा परीक्षक असता तर त्याने तिन्ही ठिकाणी लाल रेघ ओढली असती. परंतु आज आम्हांला वाटते, की हा त्या गाण्याचा झोळ आहे. यमक घट्ट बसले असते, तिसऱ्या कडव्याने सगळे सांगून टाकले असते, चाल आपल्या घरी परतली असती, तर इतकी वर्षे इतक्या लोकांच्या आयुष्याचे वजन या गाण्याला पेलवले नसते. रचना बांधेसूद असावी हे आम्ही वर्गात सांगतो. किती सैल असावी, हे आम्हांला सांगता येत नसे.

२०१८ पासून आबांचे विस्मरण सुरू झाले. आधी नावे गेली, मग वर्षे, मग आम्ही. तेव्हा आम्हांला कॅम्पबेल यांची उत्तरार्धातली हकीकत कळली. २०११ साली त्यांना अल्झायमरचे निदान झाले आणि त्यानंतर त्यांनी निरोपाचा दौरा काढला. शब्द विसरू नयेत म्हणून समोर पडदा असे. पण गिटारवरची बोटे पुष्कळ काळ चुकत नव्हती.

आबांचेही तसेच झाले. आमची नावे त्यांना आठवत नसत, पण तालुक्याच्या गावापासून घाटमाथ्यापर्यंतचे खांब ते क्रमाने सांगत. कुठला ओढ्यात, कुठला वडाजवळ, कुठल्यावर मधमाश्या. आम्ही दोघांनी आयुष्यभर मौखिक परंपरेवर व्याख्याने दिली आणि विद्यार्थ्यांना खेडोपाडी ओव्या गोळा करायला पाठवले. घरातल्या माणसाची ही नामावळी मात्र आम्ही लिहून घेतली नाही. एकदा वही घेऊन बसलो, तेव्हा ते अठराव्या खांबापाशी थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागले. दुसऱ्या दिवशी नवव्यापाशी थांबले.

एका रात्री ते घरात दिसेनात. शोधत खाली गेलो तर इमारतीच्या फाटकापाशी उभ्या असलेल्या दिव्याच्या खांबाला कान लावून उभे होते. त्या खांबाची तार जमिनीखालून येते. तो घुमणार नव्हता. "आबा, काय ऐकताय?" असे विचारले तेव्हा त्यांनी ओठांवर बोट ठेवले. आम्हांला त्या गॅलरीतल्या संध्याकाळचे अर्धे वाक्य आठवले. डोंगरावर, एकटा असताना, त्यांना कोणाचा आवाज ऐकू येत होता? आमच्या आईंचा? गावाकडच्या कोणाचा? की दूरवरच्या दोन अनोळखी माणसांचे, त्यांनीच जोडून दिलेले बोलणे? २०१७ साली विचारले असते तर कदाचित त्यांनी सांगितले असते. कदाचित नसतेही. त्या पिढीची माणसे अशा वाक्यांना पुष्कळ झोळ ठेवत.

आबा २०२२ साली गेले. त्यांच्या पेटीत निवृत्तीचे प्रमाणपत्र, एक पकड, चिनी मातीची एक पांढरी वाटी आणि शाळेचा दाखला निघाला. दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९४६ आहे. त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राची असते तशी, गुरुजींनी घातलेली. जिमी वेब यांचा जन्मही १९४६ चाच, ऑगस्टमधला, तारीख १५. या योगायोगाला काही अर्थ नाही हे आम्हांला समजते. तरीही नोंदवतो.

आता लोकप्रिय गीत शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना एक काम देतो. आपल्या घरातल्या किंवा गल्लीतल्या, काही तरी चालू ठेवणाऱ्या माणसाकडे जा. पाणी सोडणारा असेल, रस्त्याचे खड्डे बुजवणारी असेल, रोहित्र सांभाळणारा असेल. त्याच्या कामातले दहा शब्द गोळा करा आणि प्रत्येक शब्द तो कधी वापरतो ते लिहा. कविता लिहू नका, असे बजावून सांगतो. मागे एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी, जे नळाला पाणी सोडतात, तिला सांगितले की व्हॉल्व्हला चावी लावली की आधी कान लावतात आणि मग फिरवतात. हे तिला बावीस वर्षांत ठाऊक नव्हते. तिच्या वहीत हा शेरा वाचून आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही.

गॅलरीतली दोरी अजून आबांनी बांधली तशीच आहे. पावसाळ्यात ओल्या चादरींनी ती पार खाली येते आणि चादरी वाळल्या की वर जाते. खिळा हललेला नाही.